पिंट्याच्या गोलाचा नवस

“मी मेलेलो न्हाई!” आमचे आबा दारात उभे राहून बोंबलत होते. “गंगू, डोळं उघड आन् नीट बघ! जित्ता हाय मी!”

पण गंगूआत्ती डोळे उघडायला तयार नव्हती. थोरल्या भावासाठी रडायला ती कुंडलहून ट्रॅक्सभर बायका घेऊन आली होती. सांगलीच्या नाक्यापासून लावलेला सूर असा अंगणात येऊन मधेच तोडायचा, हे काही तिला पटत नव्हतं.

“आरं माझ्या दादाऽऽ! आता मला म्हायेरची साडी कोन नेसवील रंऽऽ!”

“आगं, दिवाळीला नेसवली न्हवं!”

“ती लय हलकी हुती रंऽऽ! पयल्याच धुण्यात इटली रंऽऽ!”

ट्रॅक्समधून उतरलेल्या बायकांनी ‘साडी इटली रंऽऽ’ला मनापासून साथ दिली. आबांनी हताश होऊन कपाळाला हात लावला आणि मग तोच हात माझ्याकडे केला.

“हे समदं ह्या टकल्यामुळं!”

टकल्या म्हणजे मी. सकाळपर्यंत मला दाट केस होते आणि तलवारीसारखी मिशी होती. (मिशीबद्दल अतिशयोक्ती करत नाही. आष्ट्याला मुलगी बघायला गेलो होतो, तेव्हा सुमन नावाच्या त्या मुलीनं सबंध कार्यक्रमात एकदाच मान वर केली, आणि तीही मिशीकडे बघायला! तिच्या धाकट्या बहिणीनंच मला तसं सांगितलं.) रविवारी तिचे वडील, बापू, आमच्याकडे सुपारी फोडायला येणार होते. आणि आदल्या शुक्रवारी मी हा असा, उकडलेल्या अंड्यासारखा, जिवंत बापाच्या दुखवट्यात उभा!

याला कारण फुटबॉल.

आमच्या गल्लीत चिंचेची तालीम. त्या तालमीचा फुटबॉल संघ म्हणजे आमचा जीव की प्राण. निळी जर्सी, पांढरी चड्डी. मैदान हलायचं आमची पोरं उतरली की! पण पुढे तालमीला नव्या जर्सी हव्या झाल्या आणि हळदीचे व्यापारी रावसाहेब संघाचे मालक झाले. त्यांना सगळे हळदशेठ म्हणायचे, अर्थात त्यांच्या पाठीमागे. शेठनी पहिल्याच आठवड्यात निळी जर्सी पिवळीधमक केली. छातीवर त्यांच्या दुकानाचं नाव, पाठीवर हळकुंडाचं चित्र. आमचे अकरा वाघ मैदानात उतरले की लग्नघरातून अंघोळ न करता पळून आलेले नवरदेव वाटायचे!

तेही सोसलं असतं. पण शेठ मध्यंतरात भाषण करायचे. ते इतकं लांबायचं की दुसरा हाफ अंधारात खेळावा लागायचा आणि गोल झाला की नाही हे आवाजावरून ठरायचं. उत्तम खेळाडूला चषकाऐवजी अर्धा किलो हळद. आणि सगळ्यावर कडी म्हणजे सेंटर फॉरवर्डला शेठचा भाचा, पिंट्या! पिंट्या धावायला लागला की चेंडूसुद्धा थांबून त्याची वाट बघायचा. एकदा त्यानं पेनल्टी मारली, ती थेट आईसफ्रूटच्या गाडीवर. गोलकीपर बाब्यानं “ह्याला काडा की आता!” असं ओरडून सांगितलं, तर शेठनी बाब्यालाच काढलं.

तेव्हा मात्र दत्तूच्या सलूनमध्ये आमची बैठक बसली. दत्तू स्वतः संघाचा कट्टर पाठीराखा. कुणाची दाढी अर्धी झालेली असताना फुटबॉलचा विषय निघाला तर उरलेली अर्धी दुसऱ्या दिवशी!

“तिकडं परदेशात कसं करत्यात,” सदा पेंटर म्हणाला. त्याच्या घरी नुकतंच केबल आलं होतं, त्यामुळे परदेशाची सगळी माहिती त्याच्याकडे. “मालक नको आसंल तर समदं स्टेडियम पांढरं रुमाल फडकवतंय.”

“शेटजीस्नी वाटंल आपल्याला टाटा कराय आल्यात,” बाब्या म्हणाला. “त्ये बी हात हलवतील.”

“मग बहिष्कार! मॅच बघाय जायाचंच न्हाई.”

“आन् कोन जातंय, कोन न्हाई, ते कसं कळायचं?”

“ते बघाय जाऊ की!”

(हा ठराव एकमतानं पास झाला. पुढच्या मॅचला कोण कोण बहिष्कार मोडतंय ते बघायला आमची सगळी गल्ली गेली आणि त्या मोसमातली विक्रमी गर्दी झाली. शेठनी मध्यंतरात आमचे आभार मानले.)

मग निवेदन द्यायचं ठरलं. पण द्यायचं कुणाला? अध्यक्ष म्हणजे शेठ. सचिव म्हणजे शेठचे दिवाणजी. उपोषण करू म्हटलं तर बाब्या म्हणाला, “गुरुवारी करा, माझा उपास आसतूयाच.” पुतळा जाळायचा म्हटलं तर शेठच्या मापाचं धोतर कुणाकडे निघेना. शेवटी दत्तू कात्री वाजवत म्हणाला, “मुंडण करा! मैदानाच्या दारात, मॅचच्या आदी, शेटच्या डोळ्यांदेखत. समद्यांची मी फुकट करतो!”

सलून टाळ्यांनी दणाणलं. मारुतीच्या शपथा झाल्या. मी आवेशात खुर्चीवरच चढलो आणि ओरडलो, “पयलं डोस्कं माझं!”

माणसानं खुर्चीवर चढून काही बोलू नये.

शुक्रवारी मैदानाच्या दारात पाट मांडला. सदा पेंटरनं पत्र्यावर ‘मालक हटाव, तालीम बचाव’ असं झकास रंगवून आणलं होतं. मी पाटावर बसलो. मागे सगळी गल्ली घोषणा देत उभी. दत्तूनं वाटीतलं पाणी डोक्यावर मारलं आणि वस्तरा चालवला. बघता बघता रान साफ! आणि मी “पुरे” म्हणायच्या आत त्यानं माझी हनुवटी वर केली आणि फर्रकन मिशी उडवली!

“आरं मिशी कशाला?”

“हाताला सवय लागलीया गड्या,” दत्तू ओशाळून म्हणाला. “डोस्कं झालं की मिशी. कुनी गेलं की आसंच करतुया न्हवं.”

“पुढचा कोण?” मी ओरडलो. पुढचा बाब्या होता. तो पुढे आला नाही, कारण तेवढ्यात शेठची जीप आली.

आता सांगायला हवं, बाब्याचे वडील शेठच्या गोदामात हमाल. सदा पेंटरला शेठच्या दुकानाचं शटर रंगवायचं काम नुकतंच मिळालेलं. घोषणा अशा बंद झाल्या, जणू कुणी रेडिओचं बटण फिरवलं. शेठ खाली उतरले. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. सफाचट डोकं, ओठावर मिशी नाही, समोर पाट, पाण्याची वाटी, आजूबाजूला मान खाली घालून उभी असलेली गल्ली.

शेठचे डोळे भरून आले.

“आरारारा! आबा गेलं? कवा?”

मी तोंड उघडलं तर दत्तूनं माझं डोकं खाली दाबलं. “हलू नगं, कानामागं ऱ्हायलंय.” माझी सगळी भिस्त सदा पेंटरच्या पत्र्यावर होती. पण सदानं घाईघाईनं पत्रा उलटा केला होता. पत्रा जुना होता. उलट्या बाजूवर मागल्या वर्षीच्या कुठल्यातरी कामाचं, काळ्या चौकटीत, ‘भावपूर्ण श्रद्धांजली’!

“सकाळी,” बाब्या जमिनीकडे बघत पुटपुटला.

कानामागचं संपेपर्यंत शेठनी मॅच रद्द केली होती, दोन मिनिटं शांतता पाळली होती (मीही पाळली, काय करणार?) आणि जीपला भोंगा बांधून गल्लोगल्ली बातमी पाठवली होती. मग पलीकडच्या एसटीडी बूथवर जाऊन हळदीच्या गाववार ओळखींना फोन. कुंडलला केला. आणि आष्ट्यालाही केला, कारण बापू हळद शेठनाच घालायचे!

तर आता आपण अंगणात परत येऊ. आत्तीचा सूर नुकता बसत होता, तोच दारात शेठ आले. मागे आमचा पिवळाधमक संघ रांगेत, सर्वांत पुढे पिंट्या, त्याच्या हातात पुष्पचक्र. त्यांच्या मागे सदा, बाब्या, दत्तू आणि उरलेली क्रांती. आणि शेठच्या खांद्याला खांदा लावून, पांढरी टोपी, गंभीर चेहरा, आष्ट्याचे बापू!

आबांनी पुढे होऊन नमस्कार केला. पिंट्यानं पुष्पचक्र त्यांच्याच हातात दिलं.

“आवं आबा, तुमी... हाय?” शेठ म्हणाले. भाषणाची तयारी करून आल्यामुळे ते जरा नाराज दिसले.

“हाय तर! ह्या बोडक्याला इचारा कशापायी केस काडलं ते!”

सगळं अंगण माझ्याकडे बघायला लागलं. आत्तीनंसुद्धा एक डोळा उघडला. मी क्रांतीकडे पाहिलं. सदा आभाळाचा रंग तपासत होता. बाब्या बुटाची नाडी बांधत होता. (पायात चपला होत्या!) खरं सांगावं तर शेठ भडकणार, आणि शेठ भडकले की बापू सोयरीक मोडणार. माझ्या डोळ्यांपुढे सुमनची वर झालेली मान आली आणि तोंडातून निघून गेलं,

“नवस केला हुता.”

“कशाचा?” बापूंनी विचारलं. बापू म्हणजे मोठे भाविक माणूस.

“मारुतीला. पिंट्यानं... गोल मारावा म्हणून. केस आदीच वाहून टाकलं.”

मग शेठनी मला छातीशी धरलं. हळदीचा असा भपकारा आला की मला सटासट शिंका आल्या, त्या त्यांना हुंदके वाटल्या.

“आसा पाठीराखा हजारात एक!” ते गरजले. “माझ्या भाच्यापायी पोरानं मिशी दिली! आता मी बी शब्द देतो. पिंट्याचा गोल हुईस्तोवर पिंट्याला कुनी बी काडणार न्हाई!”

मागे क्रांतीच्या घशातून एक विचित्र आवाज आला. पण माझी खरी वाट बापूंनी लावली.

“नवस लई मोठी गोष्ट,” ते शांतपणे म्हणाले. “मारुतीचं कारण मधी लटकत ठिवून सुपारी फोडणं बरं न्हवं. पोरगा गोल मारू दे. मग बघू.”

म्हणजे बघा! ज्या पिंट्याला काढायला मी केस दिले, त्या पिंट्याच्या गोलावर माझं लग्न!

दत्तूच्या सलूनमध्ये पुन्हा बैठक बसली. या वेळी विषय मी होतो. “ह्याच्यावरच बहिष्कार घाला!” बाब्या म्हणाला. “ह्यो फितूर झाला!” सदा म्हणाला, “ह्येचाच पुतळा जाळू, कपडे हायत ह्येच्या मापाचे.” मला तिथे बोलताही येत नव्हतं, कारण मला आता सलूनमध्ये काही कामच उरलं नव्हतं.

मी पहाटे पिंट्याला उठवून मैदानावर न्यायला लागलो. मोकळा गोल, समोर फक्त मी. “मार!” म्हटलं की तो मला मारायचा. आई त्याच्यासाठी शेंगदाण्याचे लाडू बांधून द्यायची. ते खाऊन तो आणखी जड व्हायचा. सामने येत गेले, जात गेले. प्रत्येक सामन्याला बापू आष्ट्याहून एसटीनं यायचे, पिशवीत नारळ आणि सुपारी घेऊन, आणि तसेच परत न्यायचे.

एका सामन्याला शेवटची पाच मिनिटं उरली. शून्य-शून्य. समोरच्या संघाला कॉर्नर मिळाला. पिंट्या दमून आमच्याच गोलपाशी उभा होता, पाठ करून, बुटातला खडा काढत. चेंडू आला, पिंट्याच्या पाठीवरच्या हळकुंडावर आदळला, आणि सुईसारखा आमच्याच जाळ्यात!

सामना गेला. गल्लीनं एकमुखानं पिंट्याच्या खानदानाचा उद्धार केला. मी मटकन खाली बसलो. शेजारी बापू शांतपणे पिशवी चाचपत होते.

“दिलीपराव, कुणाच्या बाजूचा गोल, ते नवसात बोलला हुता का?” त्यांनी मला विचारलं.

“न्हाई.”

“मग झाला की गोल,” असं म्हणून त्यांनी तिथेच पायरीवर नारळ फोडला.

लग्न धूमधडाक्यात झालं. आमच्या बहिष्कारवाल्यांनी काळे झेंडे दाखवायचं ठरवलं होतं. ते आले, झेंडे चपलांपाशी ठेवले आणि जिलेबीच्या तीन पंगती उठवून गेले. शेठ अर्थातच संघाचे मालक राहिले, वर लग्नाची हळद त्यांनीच दिली. गोणीभर! आत्ती आणि तिच्या कुंडलच्या बायकांनी ती सगळी मला फासली. डोक्यावर केस बोटभरही आले नव्हते, मिशी नुकती कोंब धरत होती. अंघोळ करून करून पाट पिवळा झाला, पण मी काही निवळलो नाही. तसाच बोहल्यावर उभा राहिलो. अंतरपाट दूर झाला आणि सुमननं मान वर केली. दुसऱ्यांदा.

वर्षभरानं एकदा मूड बघून मी तिला हळूच विचारलं, “खरं सांग, त्या वेळी मला बघून तुला पहिलं काय वाटलं?”

ती भाकरी थापत होती. थापायची थांबली नाही.

“मला वाटलं, हळदशेठनी दुकानाची जाहिरात उभी केलीया. नवरा कवा येतोय त्याची वाट बघत हुते.”