न मागता पाठवलेला डेटा

कापसाच्या त्या वाईट वर्षांत मी दिग्रसच्या एका जिनिंगमध्ये, कापसातून सरकी काढायच्या कारखान्यात, कॉम्प्युटर सांभाळायची. वजनकाट्याच्या खोलीतला कॉम्प्युटर प्रत्येक वजन ऑफिसातल्या स्टोरेजच्या डब्यावर लिहायचा, आणि दोघांमधली बिनतारी जोडणी रडतखडत चालायची. त्यात ती जोडणी बसवणाऱ्यानं नियम घालून ठेवलेला: आधी नुसतं कळवायचं की लिहायचंय, डबा "पाठव" म्हणेपर्यंत थांबायचं, मगच डेटा सोडायचा. एवढ्याशा वजनासाठी दोन-दोन हेलपाटे! बाहेर कापसाच्या बैलबंड्यांची रांग रस्त्यावर गेलेली, बैल उन्हात, आणि माणसं माझ्या खिडकीशी.

"बाई, काटा झोपला काय?"

माझं डोकं फिरलं. असल्या जोडणीत दुसरी सोय असते. जोडतानाच दोन्ही बाजूंनी ठरवायचं, की अमुक इतका डेटा न मागता, लिहायच्या हुकमासोबतच आला तरी चालेल. त्याहून जास्त असेल तर उरलेल्यानं बोलावण्याची वाट पाहायची. आमच्या गेटावर तरी वेगळं काय होतं? पहिल्या दोन बंड्या न बोलावता आत येऊन उभ्या राहायच्या, बाकीच्या हाक आल्यावर. म्हणून काटा रिकामा राहत नसे.

मॅनेजरसाहेबांना हे सांगितलं.

"तुले कोनं इचारलं?" ते म्हणाले. "हात लावू नको. लावला तं उद्यापासून येऊ नको."

घर माझ्या पगारावर चालायचं, हे त्यांना चांगलं ठाऊक होतं. पण विचारलं तरच बोल, हे मी शाळेपासून ऐकत आले होते. वीट आला होता मला त्याचा. जेवणाच्या सुट्टीत काटा बंद असताना मी जोडणी तोडली, दोन्हीकडे न मागता पाठवायची परवानगी दिली, मर्यादा डब्याला झेपेल एवढीच ठेवली आणि पुन्हा जोडली. एक वजन लिहून, परत वाचून ताडून पाहिलं. बरोबर होतं. बंड्या सरकायला लागल्या. दिवेलागणीच्या आत रस्ता मोकळा झाला.

साहेब तणतणत आले. "काहून लावला हात?"

"तुमी मले कधी इचारनारच नव्हते, साहेब. काय बिघडलं ते दाखवा."

दुसऱ्या दिवशी मला गेटावरच अडवलं. मी रडले नाही, विनवण्या तर मुळीच केल्या नाहीत. काट्यावरच्या माणसानं नंतर सांगितलं, माझं सेटिंग साहेबांनी मोसमभर तसंच ठेवलं होतं.