मामाचं पथ्य

पंगतीत बसल्यावर आधी चष्मा लावून खिशातला कागद वाचणारा माणूस कुणी पाहिलाय का? माझा मामा वाचायचा. फैजपूरकडच्या लग्नात पानावर वरण-बट्टी आली, वांग्याची घोटलेली भाजी आली, की मागून जिलबी येणारच. वाढणारा आग्रह करायचा, "नाना, एक तरी!" मामा बंडीच्या खिशातून प्लॅस्टिकच्या पिशवीत जपलेला कागद काढायचा, वरून खालपर्यंत वाचायचा आणि म्हणायचा, "नही भो. भाचीनं नको म्हनून लिहेल हाये." पंगत हसायची. मामाही हसायचा, पण जिलबीकडे बघत.

ती भाची मी. धुळ्याला आहारशास्त्र शिकले. जळगावच्या एका दवाखान्यात बसून काय खावं, काय खाऊ नये, हे लोकांना सांगते आणि स्वतःच्या टेबलाच्या खणात राजगिऱ्याचे लाडू लपवून ठेवते. हो, ठेवते! दुपारचे चार वाजले की माझाही जीव कासावीस होतो. मामाला साखरेचा आजार निघाला तेव्हा घरच्यांनी मलाच बोलावलं. त्याच्या ओसरीवर बसून तो कागद मी माझ्या हातानं लिहिला.

आमच्याकडे मामा भाचीच्या पाया पडतो. साठीचा माणूस माझ्यापुढे वाकायचा, मी लाजून पाय मागे घ्यायचे, तरी तो सोडायचा नाही. "भाचीचा शबद मोडला तर पाप लागते," असं तो खरंच मानायचा. कागद दिला त्या दिवशी तो मला म्हणाला, "बाई, माह्या बापाचा पाय साखरेनं गेला. दोन वर्सं खाटेवर पडेल होता. माह्यं तसं होऊ देऊ नको. मले मळ्यात जाता आलं पाह्यजे, बस." मी म्हटलं, "मामा, यात लिहिलंय तेवढं पाळ, काही होत नाही तुला." काय माझा तो तोरा!

आणि त्यानं पाळलं. चमचा उभा राहील एवढी साखर चहात घालणारा माणूस बिनसाखरेचा चहा प्यायला लागला. पहिले पंधरा दिवस तो प्रत्येक घोटाला डोळे मिटायचा. भात कमी केला, ज्वारीची भाकरी धरली. घरच्या गणपतीचा मोदक हातावर घेऊन डोक्याला लावायचा आणि नातीला द्यायचा. मामी म्हणायच्या, "एवढं तर यायनं माह्यं कदी ऐकलं नही." खोटं कशाला बोलू, मला त्याचा फार अभिमान वाटायचा. दवाखान्यात येणाऱ्यांना मी त्याचं उदाहरण द्यायचे.

संध्याकाळ मात्र त्याला जड जायची. हात थरथरायचे, घरात येरझारा सुरू व्हायच्या, नातवंडांच्या बिस्किटांच्या डब्याकडे नजर जायची. मग तो चपला न घालता मळ्याकडे चालू लागायचा आणि तासाभरानं अगदी शांत होऊन परतायचा. मी फोनवर शाबासकी द्यायचे, "असंच चालत राहा मामा, चालण्यानं तल्लफ मरते."

पण रिपोर्ट काही सुधरेनात. डॉक्टरांनी गोळ्या वाढवल्या, मग इंजेक्शन आलं. एकदा मी सगळ्यांदेखत तोंड सोडलं, "मामा, तू चोरून खातोस!" त्याचा चेहरा एवढासा झाला. माझ्या पायावर हात ठेवून तो म्हणाला, "तुह्या पायाची आन. साखरेचा कन तोंडात गेला असंन तर हे हात झडतीन." मला ते नाटक वाटलं. देवा, मला ते नाटक वाटलं.

पुढं त्याच्या अंगठ्याला काटा लागला आणि जखम भरेना. त्याला घेऊन जायला मी फैजपूरला गेले, तर स्वारी मळ्यात. बांधावर बसली होती. शेजारी सालींचा ढीग आणि मांडीवर झाडावरच पिवळी झालेली केळ्यांची फणी. व्यापारी कच्चा घड कापून नेतो. झाडावर पिकलेलं केळं त्याच्या कामाचं नसतं, ते घरच्यांचं. मला बघून मामाचा चेहरा उजळला. "ये बाई, खाय. मधावानी लागते."

"मामा, रोज खातोस हे?"

"मंग! पाच-सहा खाल्ले का जीव थाऱ्यावर येते."

"अरे, केळ्यात साखर असते मामा!"

मग त्यानं कागद काढला, माझ्यापुढे धरला आणि विचारलं, "कोठी लिहेल हाये?"

नव्हतंच लिहिलेलं. पेढा, गूळ, आंबा, चिकू, सीताफळ, सगळं होतं. जळगावात प्रत्येक पेशंटच्या यादीत मी केळं पहिलं लिहिते. पण मीही मामाच्याच गावची. लहानपणी भूक लागली की केळं, रडू आलं की केळं. त्याला गोड म्हणतात हे त्या ओसरीवर मला सुचलंच नाही. मामानं माझा शब्द तंतोतंत पाळला होता. चुकीचा होता तो माझा शब्द.

जळगावला त्याचा पाय गुडघ्याखाली कापला. मामी तिथं पलंगाजवळ मला म्हणाल्या, "काय वं, केळीचं सांगतलं नव्हतं तू यायले?" तेवढ्यात मामाच बोलला, "सांगतलं होतं तिनं. म्याच ऐकलं नही." आणि मी गप्प बसले.

त्यानंतर दीड वर्ष तो खाटेवर होता. केळंही सोडलं. मामी येता-जाता त्याला घालून पाडून बोलायच्या, "जिभेच्या पायी पाय घालवला!" तो मान हलवायचा. एकदा त्याच्याजवळ मी एकटीच बसले होते तेव्हा म्हणाला, "समदं मरते बाई, जीभ मरत नही." मी म्हटलं, "मामा, मी मामीला खरं सांगते." तर हात जोडायला लागला. "भाचीले कोनी बोललं त मले चालत नही." गेल्या वर्षी मामा गेला.

यंदाच्या आखाजीला, म्हणजे अक्षय तृतीयेला, मी फैजपूरला गेले. मामींनी त्याच्या नावानं घागर भरली, पानावर पुरणपोळी आणि आमरस वाढला, बाजूला मळ्यातली दोन केळी ठेवली. डोळे पुसत म्हणाल्या, "खाऊ दे आता. आता कोन अडवते?" निघताना त्यांनी माझी ओटी भरली आणि हातात कोरी साडी दिली. "तू लय केलं वं त्यायच्यासाठी. त्यायनंच ऐकलं नही तुह्यं."

'मामी, मी लिहिलंच नव्हतं,' हे शब्द अगदी ओठांवर आले होते. मी साडी घेतली, मामींच्या पाया पडले आणि जळगावच्या एसटीत बसले.