मंजुरीआधीची कुदळ

जर्मनीत एर्लांगेनजवळच्या एका गावात आम्ही घरासाठी प्लॉट घेतला होता, आणि त्याच प्लॉटवर माझ्या नवऱ्याने स्वतःच्या बापाचा दात पाडला.

कर्ज सरकारचं होतं. बँकेतल्या माणसाने तोंडावर सांगितलं होतं, की लहान मुलं असलेल्या कुटुंबांना राज्य सरकार स्वतः कमी व्याजाने घरकर्ज देतं. ते मिळालं तर उरलेलं आम्ही देऊ, नाहीतर घर विसरा. आमचा अर्ज जिल्ह्याच्या कचेरीत, लांड्राट्सआम्टमध्ये पडून होता. अट अशी, की मंजुरी हातात येईपर्यंत बांधकाम सुरू करायचं नाही. सुरू केलंत की कर्ज गेलं. नवऱ्याने ही अट इतकी डोक्यात घेतली होती, की प्लॉटवरचं गवतसुद्धा मला उपटू देत नसे.

त्यात सासरे पुण्याहून आले. त्यांचा व्हिसा संपायच्या आत भूमिपूजनाचा एकच मुहूर्त होता आणि मंजुरीचा पत्ता नव्हता. घरात आठवडाभर आदळआपट झाली. शेवटी तह ठरला: पूजा करायची, पण कुदळ मारायची नाही. सासरे मुकाट्याने हो म्हणाले तेव्हाच मला शंका यायला हवी होती, कारण मुकाट्याने ते कशालाच हो म्हणत नसत.

रविवारी सकाळी हळदकुंकू, नारळ, फुलं सगळं यथासांग झालं. मंत्र संपले आणि सासऱ्यांनी सतरंजीखालून कुदळ काढली. बाउमार्क्टमधून, म्हणजे बांधकामाच्या सामानाच्या दुकानातून आणलेली, दांड्यावरचं लेबलही तसंच. पहिला घाव बसला तसा नवरा किंचाळला, "बाबा, थांबा! शेजारी बघतोय!"

कुंपणापलीकडे म्हातारा शेजारी खरंच उभा होता.

"बघू दे! कुदळ मारल्याशिवाय भूमिपूजन होतं का रे कुठे?" सासऱ्यांनी दुसरा घाव घातला, मग तिसरा.

नवऱ्याने दांडा धरला. दोघं एकमेकांना हिसडे द्यायला लागले. पाट उलटला, तांदूळ चिखलात गेले. सासरे सोडेनात. मग नवऱ्याने एका हाताने दांडा तसाच धरून दुसऱ्या हाताची मूठ बापाच्या तोंडावर हाणली. आणि पुन्हा एकदा हाणली.

उपरण्यावर रक्त सांडलं तसं माझं डोकंच फिरलं. मी पूजेचा तांब्या उचलून नवऱ्याच्या पाठीत घातला, होता नव्हता तेवढा जोर लावून. मग कोपरावर. तो कळवळून खाली बसला तेव्हा मला बरं वाटलं, आणि त्याची मला आजही लाज वाटत नाही.

शेजाऱ्याने पोलीस बोलावले. सासरे उपरणं तोंडाला दाबून मला म्हणाले, "सूनबाई, त्यांना सांग, मी घसरून पडलो." मी ते जर्मनमध्ये सांगितलं. पोलिसांनी नवऱ्याच्या मुठीकडे बघितलं, माझ्या हातातल्या चेपलेल्या तांब्याकडे बघितलं आणि आमच्यातल्या कुणावरच विश्वास ठेवला नाही.

सासरे ठरल्यापेक्षा आधीच परत गेले. विमानतळावर त्यांनी मुलाकडे मान वळवूनही पाहिलं नाही.

मग लांड्राट्सआम्टचं बोलावणं आलं. शेजाऱ्याने तक्रार केली होती. टेबलापलीकडच्या बाईंनी विचारलं, "तुम्ही खणायला सुरुवात केलीत?" मीच पूजेचं सगळं सांगितलं.

"आख झो, असं होय," त्या हसल्या. "कंत्राटदाराशी करार केलात तर ती सुरुवात. एवढ्याशा खड्ड्याला कोण बांधकाम म्हणतं? तुम्ही घाबरलात की काय?"

बाहेर आल्यावर नवरा जिन्याच्या भिंतीवर तीच मूठ आपटत राहिला, सालपटं निघून रक्त येईपर्यंत. मी अडवलं नाही. मनात म्हटलं, फुटू दे.

मंजुरी आली त्या दिवशी त्याने पुण्याला फोन लावला. मी शेजारीच बसले होते. "बाबा, सरकारने कर्ज मंजूर केलं," एवढंच तो कसाबसा बोलला.

पलीकडून पडलेल्या दाताच्या फटीतून वारा सुटत असलेला सासऱ्यांचा आवाज आला, चक्क आनंदाने. "होणारच होतं रे. कुदळ मारली होती ना आपण."