एक्सला शून्य ठेवलं की

लग्न होऊन खारबावकडच्या आमच्या गावातनं मी भिवंडीला आले तेव्हा नववी अर्धीच सुटलेली. पोरगी रांगायला लागली आणि मला काय सुचलं कोण जाणे, बाहेरून दहावीला बसते म्हटलं. नवरा न्हाय बोलला नाही. पण तो कापडाच्या लूमवर कामाला, रातपाळी करून दिवसा झोपणार, सासूबाई गावाला, शेजारणीशी माझं अजून हसण्यापलीकडं गेलेलं नव्हतं, मग पोरीला काखेत मारूनच क्लासला. क्लास म्हणजे कारखान्यावरची खोली. खाली लूम खटाखट, पायाखालची लादी हलायची, सर घसा ताणून शिकवायचे.

पोरगी त्या आवाजात गाढ झोपायची. आमच्या घराच्या भिंतीपलीकडंपण लूमच, तिला दुसरं काय माहीत? पण लाईट गेली, लूम थांबल्या, की ती दचकून उठायची आणि असा टाहो फोडायची की बस. दोनदा झालं. दुसऱ्यांदा सर म्हणाले, रागाने नव्हे, दमून म्हणाले, "ताई, बाकीच्यांचंपण वर्ष आहे. परत रडली तर तिची सोय करूनच या." सोय कुठनं आणू? म्हणजे आता रडली की माझी दहावी संपली.

त्या दिवशी बहुपदी सुरू झाली. सरांनी फळ्यावर लिहिलं, चार एक्स अधिक नऊ अधिक दोन एक्सचा घन. अधिकच्या चिन्हांनी तुटलेले तुकडे ती पदं. एक्सच्या पुढं उभा असतो तो आकडा सहगुणक. एक्सच्या डोक्यावर बारीक बसतो तो घात. मी हळूच बेरीज करून पंधरा एक्स लिहून बसलेले, ते खोडलं, कारण घात वेगळे तर बेरीज न्हाय. मग सर म्हणाले, एक्सच्या जागी कुठलाही आकडा टाका, उत्तर बदलत जाईल, आणि शून्य टाकलात तर एक्सवाले सगळे जातील, नऊ तेवढा उरेल. ते स्थिर पद. मला ते नऊ बघून कसंतरीच झालं. एकटंच.

आणि लाईट गेली.

लूम थांबल्या, पोरीच्या पापण्या हलल्या. मी कंपासपेटी उचलली आणि तिच्या कानाशी बाकावर आपटायला लागले, खटाखट, खटाखट, थांबायची हिंमत न्हाय. क्लासातल्या सगळ्या वळून बघायला लागल्या. मागची एक मावशी, पडघ्याहून यायची, म्हणाली, "काय गं, नवीन कारखाना टाकलास?" बायका हसल्या, मग मावशीनेच आपली बांगडी बाकावर वाजवायला घेतली, तिचं बघून दुसरीने. सर खडू धरून उभे. पोरीने तोंड वाकडं केलं, ओठ बाहेर काढला, आणि परत झोपली.

सर तसेच त्या ठोक्यांवर शिकवत राहिले. मग विचारलं, या बहुपदीची कोटी किती? एकजण म्हणाली एक, पहिला एक्स साधाच आहे ना. सरांनी नाही म्हणून मान हलवली आणि माझ्याकडं बघितलं. मला माहीत होतं. पुढं कोण उभं आहे ते बघायचं न्हाय, सगळ्यात मोठा घात शोधायचा. मी तोंड उघडलं आणि तेवढ्यात लाईट आली, लूम सुरू, माझा आवाज मलापण ऐकू आला नाही. लूमवर माणसं हातानेच बोलतात, नवरा घरीपण बोलतो तसं. मी तीन बोटं वर केली.

सरांनी फळ्यावर तीन लिहिलं. निघताना दारात माझ्या कानाशी येऊन ओरडले, "उद्या दोघी या."

घरी आले तर नवरा उशी कानावर दाबून झोपलेला. उठवायचं मनात आलं, पण रात्रभर उभा असतो तो. चहा टाकला, एकटीनेच प्यायला. पोरगी उठली तेव्हा तिला मांडीवर घेऊन तीन बोटं दाखवली, तिने ती धरली आणि तोंडात घातली. दुसऱ्या कुणाला सांगणार होते?