अंबूबाईंचे गप्पी मासे

माझ्या सासूबाई, अंबूबाई, १९५९ साली निपाणीहून बंगळूरला आल्या तेव्हा तेवीस वर्षांच्या होत्या. मामंजी, म्हणजे दामोदर, के. आर. पुरमजवळच्या एका सरकारी कारखान्यात नकाशे काढायचं काम करत. कारखान्याच्या वसाहतीत त्यांना दोन खोल्यांचं क्वार्टर मिळालं होतं. दहा घरांची एक रांग आणि प्रत्येक रांगेमागे एक दगडी विहीर. नळाला पाणी सकाळी तासभर यायचं, बाकी सगळी भिस्त विहिरीवर.

सासूबाई सातवी पास होत्या. त्यांना एक खोड होती. कुठलीही हलणारी गोष्ट दिसली की ती कुठे जाते, काय करते हे शेवटपर्यंत बघायचं. कोळी जाळं विणत असला तर आमटी करपायची. मी सून म्हणून त्या घरात आले ती बऱ्याच वर्षांनी. ही हकिकत मला त्यांनीच सांगितली, आणि त्या जिथे संकोचल्या तिथलं मल्लाप्पांनी, ते पुढे येतीलच.

एकसष्टच्या पावसाळ्यात मामंजींना थंडीताप सुरू झाला. दुपारी तीन वाजले की दात वाजायला लागायचे. तीन गोधड्या अंगावर टाकल्या तरी पलंग हलायचा. मग अंग भट्टीसारखं तापायचं, मग घामाने उशी भिजायची, आणि दुसऱ्या दिवशी माणूस काही झालंच नाही अशा थाटात डबा घेऊन कामाला. तिसऱ्या दिवशी पुन्हा तेच. महिनाभरात रांगेतल्या दहांपैकी पाच घरांत हेच चालू झालं.

मल्लाप्पा हे मलेरिया खात्यातले पाहणी करणारे. ते मूळचे अथणीकडचे, मराठी आणि कन्नड एकाच वाक्यात बोलणारे. दर पंधरा दिवसांनी सायकलवरून यायचे, कुणाला ताप आहे का विचारायचे, बोटाला सुई टोचून काचेच्या पट्टीवर रक्ताचा थेंब घ्यायचे आणि गोळ्या द्यायचे. जाताना दारामागे तारीख लिहायचे.

मामंजींच्या बोटातून रक्त घेत असताना सासूबाईंनी त्यांना विचारलं, "भिंतींवर औषध मारून गेलात, गोळ्या देताय. पण हे डास येतात कुठून?"

"तेच शोधतोय, अक्का."

"गटारातूनच ना? त्रिविक्रमराव तर आठवड्याला गटारात तेल ओततात."

त्रिविक्रमराव वसाहतीचे व्यवस्थापक. स्वच्छतेचे मोठे भोक्ते.

"गटारातला डास वेगळा," मल्लाप्पा म्हणाले. "तो भिंतीवर अंग आडवं ठेवून बसतो. तापाचा डास डोकं खाली, शेपूट वर करून बसतो, भिंतीत टाचणी खुपसल्यागत. त्यातही चावते ती मादी. तिला अंडी घालायला रक्त लागतंय. नर बिचारा फुलांचा रस पिऊन राहतो. आणि तापाची मादी अंडी घालते स्वच्छ पाण्यात."

"स्वच्छ पाण्यात?" सासूबाईंना ते जवळजवळ लागलंच. दिवसातून दोनदा घर पुसणारी बाई ती.

"होय. अळीसुद्धा ओळखता येते. गटारातली अळी पाण्यात डोकं खाली करून लोंबकळते. तापाच्या डासाची अळी पाण्याच्या वरच्या अंगाला सपाट पडून राहते, चटईवर झोपल्यासारखी."

मल्लाप्पा गेले आणि सासूबाईंनी लोणच्याची रिकामी काचेची बरणी घासली. गटाराच्या कडेचं पाणी तिच्यात भरलं, तोंडाला मलमलचं फडकं बांधलं आणि बरणी स्वयंपाकघराच्या खिडकीत ठेवली. अळ्या खरोखरच डोकं खाली करून लोंबकळत होत्या. चार दिवसांनी त्यांचे स्वल्पविरामासारखे वाकडे कोश झाले. आणि एका सकाळी, चहाचं आधण ठेवलेलं असताना, एक कोश पाठीवर उकलला.

"अहो, या, लवकर या!"

मामंजी दाढीचा साबण तोंडाला तसाच ठेवून धावत आले. उकललेल्या कोशातून एक डास सावकाश वर येत होता. आधी पाठ, मग डोकं, मग दुमडलेले पाय एकेक करून. पूर्ण बाहेर आल्यावर तो आपल्याच टाकलेल्या सालावर होडीत उभं राहिल्यासारखा उभा राहिला आणि पंख वाळवू लागला.

"आपण याला मारायचं की टाळ्या वाजवायच्या?" मामंजी म्हणाले.

"आधी बघायचं," सासूबाई म्हणाल्या.

चहाचं पाणी तोवर आटून गेलं होतं.

शेजारच्या कस्तुराबाईंना हे अजिबात पसंत पडलं नाही. कस्तुराबाई रांगेतल्या सगळ्यांत वडील, रांगेची विहीर जणू त्यांच्याच मालकीची. पारोशाने कुणी रहाटाला हात लावला तर त्या दिवसभर बोलत. "अंबू," त्या म्हणाल्या, "लोक स्वयंपाकघरात तुळशीचं रोप ठेवतात. तू गटार ठेवलंस."

सासूबाई हसल्या आणि शोध चालू ठेवला. पुढच्या पंधरा दिवसांत त्यांनी रांगेतली सगळी पाणी साठण्याची ठिकाणं पालथी घातली. फुटके डबे, कुंड्यांखालच्या थाळ्या, बांधकामावरचे हौद. लोंबकळणाऱ्या अळ्या हव्या तितक्या मिळाल्या. सपाट पडणारी एकही नाही. उरली विहीर. पण ती मल्लाप्पांनी तीनदा तपासली होती. बादली सोडायची, पाणी पांढऱ्या ताटात ओतायचं, बघायचं. काही नाही.

सासूबाई रोज त्या विहिरीचं पाणी शेंदत होत्या. बादली पाण्यावर आपटली की काय होतं हे त्यांना पाठ होतं. पाणी हेलकावतं आणि वर तरंगणारं पान, काडी, सगळं कडेच्या दगडांकडे जातं. मल्लाप्पा यायचे दहा वाजता, म्हणजे दहा घरांच्या शंभर बादल्या आपटून झाल्यावर. अळ्या असल्या तरी त्या घाबरून तळाकडे पळालेल्या असणार.

एका दुपारी, पुरुष कामावर आणि बायका आडव्या झालेल्या असताना, त्यांनी एक पांढरा इनॅमलचा वाडगा घेतला. त्याला तीन दोऱ्या बांधल्या, तराजूच्या पारड्यासारख्या, आणि तो कडेच्या दगडांलगत हळूहळू खाली सोडला. पाण्याला टेकताच थांबल्या. हात अवघडला तरी हलल्या नाहीत. मग तीनपैकी एक दोरी किंचित सैल केली. वाडगा एका बाजूला कलला आणि पाणी आपसूक आत आलं.

वर घेऊन बघतात तर वाडग्यात सात अळ्या. सातही सपाट पडलेल्या.

सासूबाई सांगत, "मला इतका आनंद झाला की मी मोठ्याने हसले. मग आठवलं की याच पाण्याने मी ह्यांना गोळ्या देतेय."

पुढच्या फेरीला मल्लाप्पांनी तो वाडगा पाहिला आणि डोक्यावरची टोपी काढली. "अक्का, तीन वेळा बघितलं मी. तीन वेळा!"

"तुम्ही चुकीच्या वेळेला बघितलंत, एवढंच. आता काय करायचं? तेल?"

"प्यायच्या पाण्यात तेल नको. मासे सोडायचे. आमच्या खात्याच्या तळ्यात आहेत, बोटाच्या पेराएवढे. अळ्या खाऊनच जगतात. गप्पी म्हणतात त्यांना."

"गप्पी? गप्पा मारतात की काय?"

"खाण्यातून वेळ मिळाला तर मारत असतील," मल्लाप्पा म्हणाले.

अडचण एकच होती. ती म्हणजे कस्तुराबाई.

"मासे?" कस्तुराबाई म्हणाल्या. "माझ्या देवपूजेच्या पाण्यात? मी जिवंत असेपर्यंत नाही."

सासूबाईंनी वाद घातला नाही. त्यांनी मल्लाप्पांकडून एकच मासा मागवून घेतला. दुसऱ्या दिवशी दुपारी विहिरीतून वाडगाभर पाणी काढलं, ते काचेच्या मोठ्या भांड्यात ओतलं आणि भांडं कस्तुराबाईंच्याच ओसरीवर नेऊन ठेवलं. आजूबाजूच्या बायका जमल्या. पलीकडच्या घरातली सुलभा तर पोळपाट तसाच टाकून विहिरीपासूनच मागोमाग आली होती.

"काकू, यात किडे दिसतायत का?" सासूबाईंनी विचारलं.

"दिसतायत की. कुठल्या डबक्यातलं पाणी गं हे?"

"आपल्या विहिरीतलं. आत्ता काढलं, सुलभाच्या डोळ्यांदेखत."

सुलभाने मान हलवली. कस्तुराबाईंनी पदर तोंडाला लावला. "म्हणजे इतके दिवस मी हे..."

"आपण सगळ्याच," सासूबाई म्हणाल्या आणि मासा भांड्यात सोडला.

तो क्षणभर बावरला. मग वळला आणि एक अळी दिसेनाशी झाली. बायका ओरडल्या. दुसरी गेली, तिसरी गेली. "चार!" सुलभा म्हणाली. "पाच, सहा!" बाकीच्या मोजू लागल्या. अळ्या वळवळत तळाशी पळत होत्या आणि मासा शेपटी हलवत त्यांच्या मागे. चौदाव्या अळीनंतर तो जरा थबकला तेव्हा कस्तुराबाई पुढे वाकून भांड्यावर बोट आपटत म्हणाल्या, "अरे, तो बघ एक राहिला, तिकडे कडेला! डोळे फुटले का तुझे?"

सगळ्या बायका पोट धरून हसल्या. कस्तुराबाईंनी सगळ्यांकडे रागाने पाहिलं आणि मग त्यांनाही हसू आवरेना.

"आणा तुमचे मासे," त्या म्हणाल्या. "पण माझ्या विहिरीत पाहुणा यायचा तो रीतीने येईल."

त्या शुक्रवारी मल्लाप्पा सायकलला दुधाची बरणी बांधून आले. बरणीत साठ मासे. कस्तुराबाईंनी रहाटाला हळदकुंकू लावलं, बरणीच्या कडेलाही लावलं. बादलीत मासे ओतून ती सासूबाईंनी अगदी हळू खाली सोडली आणि पाण्यावर कलती केली. दहा घरांच्या बायका काठावर ओणवून बघत होत्या. मल्लाप्पांना त्या दिवशी दहा घरांत दहा वेळा कॉफी प्यावी लागली.

त्रिविक्रमरावांना हे दुसऱ्या दिवशी कळलं. माशांबद्दल वरून लेखी हुकूम नाही, असं त्यांचं म्हणणं. पण मासे तर पाण्यात गेलेले. ते आल्या पावली परतले. दीड महिन्यानंतर मात्र त्यांच्या कचेरीतला माणूस नेहमीच्या रिवाजाप्रमाणे विहिरींत जंतुनाशक पूड टाकून गेला. कुणाच्या मनात काही वाईट नव्हतं, विहिरीत मासे आहेत हे त्या माणसाला कुणी सांगितलंच नव्हतं. सकाळी सासूबाई पाण्याला गेल्या तर मासे पोट वर करून तरंगत होते. त्या विहिरीच्या काठावर बसून रडल्या. बादली तशीच रिकामी.

कस्तुराबाईंनी ते पाहिलं. सोवळं नेसलेल्या होत्या, तरी तशाच तरातरा कचेरीत गेल्या. काय बोलल्या ते कुणाला कळलं नाही. दुपारी त्रिविक्रमराव स्वतः रांगेत आले आणि सासूबाईंसमोर उभे राहिले.

"वहिनी, चूक झाली. पूड टाकायची तर आधी तुम्हाला विचारून, असं मी लिहून ठेवलंय. आणखी काय करू?"

सासूबाईंनी डोळे पुसले. "एक हौद द्या. बांधकामावरचा तो जुना पडलाय, तो चालेल. पूड टाकायच्या आधी मासे काढून त्यात ठेवता येतील."

हौद आला. नवे मासे आले. तेव्हा सासूबाईंना आणखी एक नवल बघायला मिळालं. गप्पी अंडी घालत नाहीत. एका पोटुशा मादीच्या पोटातून पापणीच्या केसाएवढी पिल्लं एकामागून एक थेट पोहतच बाहेर आली आणि लगेच हौदातल्या शेवाळात लपली. तासाभरात अठ्ठावीस. सासूबाईंनी त्या दिवशी स्वयंपाकच केला नाही. मामंजी घरी आले तेव्हा त्यांनाही हौदापाशी बसवलं आणि दोघांनी तिथेच चिवडा खाल्ला.

वर्षभरात हौद माशांनी भरून गेला. आधी वसाहतीच्या बाकीच्या विहिरींना मासे गेले, मग के. आर. पुरम गावातल्या, मग मल्लाप्पांच्या सायकलवरून थेट व्हाइटफील्डच्या बंगल्यांतल्या बागांच्या टाक्यांना. कुणी मासे न्यायला आलं की सासूबाई आधी त्याला वाडगा कसा सोडायचा ते शिकवायच्या. "स्वल्प थांबा," त्या म्हणायच्या, म्हणजे जरा थांबा; तोवर त्यांनाही कन्नड येऊ लागलं होतं. "पाणी शांत होऊ द्या. मग बघा."

बासष्टच्या पावसाळ्यात रांगेतल्या एकाच घरी ताप आला आणि तोही गावाहून घेऊन आलेला. त्रेसष्ट साली एकही नाही. मामंजींचा पलंग पुन्हा कधी हलला नाही.

"माशांनी झालं का हे?" सासूबाईंनी मल्लाप्पांना विचारलं.

ते खरं बोलणारे होते. "अक्का, भिंतीवरचं औषध आहे, गोळ्या आहेत, मासे आहेत. कुणाचं किती ते कसं सांगू? पण अळ्या विहिरीत आहेत हे तुम्ही सांगितलंत. ते औषधाला कळलं नव्हतं, मलाही नाही."

त्याच वर्षी मल्लाप्पांच्या साहेबांनी सासूबाईंना शहरातल्या कचेरीत बोलावलं. खात्यात नव्याने लागलेल्या बारा जणांना विहीर कशी तपासायची ते दाखवायला. सासूबाई नऊवारी नेसून, वाडगा आणि दोऱ्या पिशवीत घालून गेल्या. सोबतीला कस्तुराबाई. मराठी, कन्नड आणि हातवारे यांच्या जोरावर त्यांनी आवारातल्या विहिरीवर सगळं समजावलं. एकाने विचारलं, "अम्मा, तुम्ही हे कुठे शिकलात?" सासूबाई दोऱ्या गुंडाळत होत्या. कस्तुराबाईंनीच उत्तर दिलं, "आमच्या रांगेत."

मग साहेब म्हणाले, "या, तुम्हाला काही दाखवतो." टेबलावर सूक्ष्मदर्शक होता आणि त्याखाली तापाच्या डासाची जिवंत अळी. सासूबाई स्टुलावर बसल्या आणि डोळा लावला.

दोन वर्षं त्या ही अळी दोऱ्याच्या तुकड्याएवढी बघत आल्या होत्या. आता तिच्या पाठीवर दोन्ही बाजूंनी छोट्या पंख्यांच्या जोड्या दिसत होत्या, जपानी पंखे उघडावेत तशा. त्यांच्याच आधाराने ती पाण्याला चिकटून सपाट राहते, असं साहेब सांगत होते. तोंडापाशी दोन कुंचले सारखे हलत होते. आणि पाठीच्या मध्यातून, आरपार दिसणाऱ्या कातडीखाली, एक नळी आकुंचत होती, फुलत होती.

"हे काय धडधडतंय?" त्यांनी विचारलं.

"तिचं हृदय," साहेब म्हणाले.

"काकू," डोळा न काढता सासूबाई म्हणाल्या, "हिला हृदय आहे."

"असू दे," कस्तुराबाई म्हणाल्या. "मला बघू दे आता. सरक."

त्यांच्या मागे ते बारा जणही रांग लावून उभे होते. सासूबाई काही उठल्या नाहीत.