गोळीबाईचा प्रबंध

विभागात तिला सगळे गोळीबाई म्हणत. पूर्वी औषधाच्या दुकानात काउंटरमागे उभी राहायची, म्हणून. माणसं गोळ्या घेऊन जातात, पण पुढे त्यांचं होतं काय, हे कळत नाही म्हणून ही बया बेचैन व्हायची. शेवटी चांगलं चाललेलं काम सोडून ती विद्यापीठात पीएचडीला आली. हौस दांडगी, दुसरं काय.

फुप्फुसं हळूहळू कडक होत जातात, तो आजार तिनं घेतला होता. त्यावर तेव्हा एकच गोळी होती. रुग्णालयांतल्या जुन्या नोंदी डोळ्यांत तेल घालून चाळत तिनं दाखवलं, की गोळी घेणारे न घेणाऱ्यांपेक्षा जास्त जगतात. मार्गदर्शक सर खूश. सरकारी औषधांच्या यादीत ही गोळी घ्यायची का, हे ठरवणाऱ्या समितीनंही तिचे निष्कर्ष मागवले.

आणि घरी तिच्या आईला हाच आजार होता. गोळीनं आईला सारखं मळमळायचं, पोटात काही टिकायचं नाही, अंगाची नुसती काडी झाली होती. डॉक्टर म्हणाले, झेपत नसेल तर बंद करू. गोळीबाईनंच हट्ट धरला. आकडे मी पाहिलेत, म्हणाली, बंद करायची नाही.

प्रबंध द्यायच्या आधी ती सगळं शेवटचं तपासायला बसली आणि तिथेच घोडं अडलं. ज्यानं सहा महिने सलग गोळी नेली, त्यालाच तिनं 'घेणारा' धरलं होतं. पण सहा महिने गोळी न्यायची तर आधी सहा महिने जगायला नको का? जे मधेच गेले, ते मरेपर्यंत गोळी घेत असले तरी बिचारे 'न घेणाऱ्यां'त जाऊन पडले होते. मेलेले एका बाजूला, जगलेले दुसऱ्या बाजूला, असं तिनंच बसवलं होतं आणि वर गोळीला शाबासकी दिली होती. तिच्या पायाखालची जमीन सरकली. पहिली गोळी नेली त्या दिवसापासून प्रत्येकाला धरून तिनं पुन्हा मोजलं, फिरून मोजलं. गोळीचा फायदा कुठे उरलाच नाही.

सगळं ऐकून सरांनी चष्मा काढून डोळे चोळले. "आत्ता सुचतंय तुला हे?"

"सर, समितीला कळवायला हवं."

"कळवतो. माझ्याही नजरेतून सुटलं. पण तुला सगळं नव्यानं लिहावं लागणार, दोनेक वर्षं तरी गेलीच समज."

दोन वर्षांचं तिला काही वाटेना. मान हलवून ती निघाली आणि तडक घरी आली.

आई खाटेवर धापा टाकत बसली होती. पुढ्यातलं ताट तसंच होतं, गोळी तळहातावर होती.

"थांब, नको घेऊस," म्हणत गोळीबाईनं ती काढून घेतली आणि रडत रडत सगळं सांगितलं. "हिचा काही उपयोग नाही गं आई. मीच चुकले. उगाच हाल केले तुझे."

आईनं ताट बाजूला सारलं. मग तिनं लेकीच्या डोक्यावरून हात फिरवला.

"चुकतं माणूस. एवढं काय मनाला लावून घेतेस?" तिनं तळहात पुन्हा पुढे केला. "आता खरी कुठली ती दे."

दुसरी गोळी नव्हतीच, आणि आई हात पुढे धरून वाट बघत होती.