एकतीस नंबरचं पान

“माने मॅडम, यात अध्यक्षांचा फोटो कुठं आहे?”

पाटील सरांनी डमी तिसऱ्यांदा उलटीसुलटी करून पाहिली. ते संस्थेचे सचिव. फोटो सापडत नाही म्हणजे दोन पानं एकमेकांना चिकटली असणार, असं त्यांना वाटत होतं. त्यांनी पानांच्या कडा नखानं सोडवून पाहिल्या.

“नाहीये सर,” मी म्हणाले.

“राहिला का?”

“काढून टाकला.”

शेजारी बसलेले आमच्या प्रेसचे मालक इक्बालभाई टेबलाखालून माझा पाय दाबायला लागले. मी पाय काढून घेतला. तीस वर्षांत मी पहिल्यांदाच ताठ बसले होते.

डमी म्हणजे मासिकाचा नमुना. खऱ्या अंकाइतकीच पानं, खरा कागद, फक्त प्रती पाचच. ती बघून गिऱ्हाईक ठरवतं, पुढं जायचं की नाही. हे गिऱ्हाईक म्हणजे जिल्ह्यात अकरा शाळा असलेली एक शिक्षणसंस्था. आठवी ते बारावीच्या मुलांसाठी त्यांना संगीताचं मासिक काढायचं होतं. नाव ठरलं होतं ‘ठेका’. अट एकच होती. हुपरीच्या बाजूला त्यांची एक शाळा आहे, तिथल्या वाचनालयात या पाच प्रती आठ दिवस ठेवायच्या. मुलांनी आपणहून उचलल्या तर वर्षभराचं काम आमचं. नाहीतर संस्था आपली जुनी स्मरणिकाच काढणार, पहिल्या आठ पानांत शुभेच्छासंदेश असलेली.

मला हे काम पाहिजेच होतं. का, ते सांगते.

आमची प्रेस उचगावला. तिथं मी डीटीपी ऑपरेटर म्हणून लागले आणि हळूहळू डिझायनर झाले, म्हणजे खुर्ची तीच, नाव नवीन. कामं दोनच प्रकारची. एक, सहकारी संस्थांचे वार्षिक अहवाल. ते सभेला आलेली माणसं वारा घ्यायला वापरतात. दुसरं, वाढदिवसाचे फ्लेक्स. वर गॉगल लावलेला एक मोठा चेहरा आणि खाली शुभेच्छुकांची रांग. एकेका फ्लेक्सवर मी चाळीस चाळीस तोंडं बसवली आहेत. प्रत्येकाला आपलं तोंड शेजारच्यापेक्षा जरा मोठं पाहिजे असतं. पुढच्या वर्षी मी रिटायर होणार. एकदा, फक्त एकदा, मी केलेलं काहीतरी कुणीतरी वाचावं, एवढीच माझी इच्छा होती. म्हणून मी मनाशी शपथ घेतली की या मासिकात तोंडांची रांग येणार नाही. अध्यक्षांचीसुद्धा.

कामाची सुरुवात मी शास्त्रशुद्ध केली. डिझाइनमध्ये पहिली पायरी असते वाचक समजून घेण्याची. त्या शाळेत जाऊन मी नववीच्या वर्गाला विचारलं, “तुम्ही कोणतं संगीत ऐकता?”

“शास्त्रीय संगीत!” सगळा वर्ग एका सुरात ओरडला.

मी वहीत लिहून घेतलं. मुख्याध्यापक माझ्या मागंच उभे होते, हे मात्र लिहून घेतलं नाही.

बाहेर पडले तर दोन वेण्यांची एक पोरगी मागून पळत आली. सानिका तिचं नाव.

“मॅडम, ते समदं खोटं हाय. हेडसर हुभं हुतं म्हणून.”

“मग ऐकता काय तुम्ही?”

“ऐकत न्हाय. वाजवतो. मी हलगी वाजवतो.” आमच्याकडं पोरीही ‘वाजवतो’च म्हणतात.

ती मला शाळेच्या मागं घेऊन गेली. तिथं त्यांचं लेझीम आणि हलगीचं पथक होतं, चोवीस पोरं-पोरी. हलगी हे हातात धरून वाजवायचं चपटं चामड्याचं वाद्य. चामडं गार पडलं की आवाज बसतो, म्हणून ते आधी जाळावर शेकतात. दोन पोरं कागद पेटवून शेकतच होती. मी जवळ जाऊन पाहिलं. जळत होता तो एका पतसंस्थेचा वार्षिक अहवाल. मुखपृष्ठ मी ओळखलं. ते मीच केलं होतं, सोनेरी पट्टी घालून.

“ह्यो कागद लई वंगाळ हाय मॅडम,” सानिका म्हणाली, “नुसता धूर करतोय.”

कागद गुळगुळीत, महागाचा आर्ट पेपर होता. मीच सुचवला होता.

मग पोरांनी मला घेरलं. “आमचं फोटू काढा की!” त्यांच्या तावडीतून सुटायचं म्हणून मी मोबाइलवर एकेकाचा फोटो काढला, भिंतीपुढं, हातात वाद्य घेऊन. सानिका शेजारी उभी राहून मला नावं लिहायला लावत होती. “पुरं नाव लिवा. वडलांचं बी.” मी लिहिली. रिक्षात बसल्यावर वही बंद केली आणि विसरूनही गेले. वाचक समजून घेण्याची पायरी माझ्या मते पूर्ण झाली होती.

प्रेसमध्ये येऊन मी तीन दिवस परदेशी मासिकं स्क्रीनवर बघितली. मुखपृष्ठावर निळ्या केसांचा, हेडफोन लावलेला एक गोरा पोरगा घेतला. जांभळा निऑन रंग घेतला. अक्षरं काच फुटल्यासारखी घेतली. आत ‘तुमची प्लेलिस्ट तुमच्याबद्दल काय सांगते?’ नावाची चाचणी. शेवटच्या पानावर भली मोठी इलेक्ट्रिक गिटार. आणि सगळीकडं भरपूर मोकळी जागा. डोळ्याला विसावा मिळावा म्हणून डिझायनर पानावर मुद्दाम रिकामा भाग सोडतो. तीस वर्षांत मला तो कुणी सोडू दिला नव्हता, त्यामुळं मी सगळी थकबाकी एकदम वसूल केली.

इक्बालभाईंनी प्रिंट उजेडात धरली.

“हितं मजकूर यायचा ऱ्हायलाय काय?”

“ती मोकळी जागा आहे भाई. डिझाइन आहे.”

“बरं. आणि हे पोरगं कुटलं म्हणायचं? आपल्यातलं तर वाटंना.”

“यूथफुल आहे.”

“हुपरीच्या पोरांनी असली केसं केली तर बाप घरात घील व्हय?”

मी त्यांच्याकडं अडाणी माणसाकडं बघावं तसं बघितलं. भाईंना रंगाची एक छटा इकडची तिकडं झालेली लांबून कळते, आणि मी त्यांना यूथ शिकवत होते.

तर अशी ती डमी घेऊन आम्ही पाटील सरांपुढं बसलो होतो.

“फोटो लावलेलं मासिक मुलं उचलत नाहीत सर,” मी ठणकावून सांगितलं. “लहान तोंडी मोठा घास घेते, पण मुलांना अध्यक्षांच्या चेहऱ्यात काय रस असणार? कुणाचेच चेहरे नकोत. मला तीस वर्षांचा अनुभव आहे.”

सरांनी डमी मिटून बाजूला सारली. मग म्हणाले, “ठीक आहे. आठ दिवस तुमच्या मनासारखं. पण मुलांनी हात लावला नाही, तर पुन्हा मला अनुभव सांगायचा नाही.”

मी जिंकले. प्रेसमध्ये परत आल्यावर कळलं की घोळ झाला आहे. मधोमध पिना मारलेल्या मासिकाची पानं नेहमी चारच्या पटीत असतात, कारण एक कागद दुमडला की चार पानं होतात. आमची होती बत्तीस. दाखवायच्या डमीत तिसरं पान अध्यक्षांच्या मनोगतासाठी कोरंच सोडलं होतं. ते मी ऐटीत काढून टाकल्यावर उरली एकतीस. मागची पानं एकेक पुढं सरकली आणि गिटारच्या आदलं पान, एकतीस नंबरचं, रिकामं पडलं. सकाळी प्रती शाळेत पोचवायच्या होत्या आणि भाई मशीनपाशी घड्याळ बघत उभे होते.

“टाका की कायतरी मॅडम. ते बी मोकळी जागाच ठेवतासा काय?”

माझ्याकडं मजकूर नव्हता. मोबाइलमध्ये चोवीस फोटो होते आणि वहीत चोवीस नावं. मी वाढदिवसाच्या फ्लेक्सची फाइल उघडली, वरचा गॉगलवाला काढला आणि शुभेच्छुकांच्या जागी पोरांची तोंडं बसवली. चार रांगा, एकेका रांगेत सहा, खाली पूर्ण नावं. दहा मिनिटांत पान तयार. हात सवयीनं चालत होते. लाज वाटत होती, पण शेवटच्या आधीचं पान कोण बघतंय, अशी मनाची समजूत घातली. शपथ मोडली ती अशी.

चौथ्या दिवशी पाटील सरांचा फोन आला.

“मॅडम, तुमच्या अंकाची विटंबना झालेली आहे. ताबडतोब या.”

हुपरीच्या एसटीत मी मनातल्या मनात निरोपाचं भाषण करत होते. वाचनालयात टेबलावर पाचही प्रती ओळीनं मांडल्या होत्या, पंचनाम्याला ठेवल्यासारख्या. निळ्या केसांचा पोरगा स्वच्छ होता, त्याला कुणाचं बोटही लागलेलं नव्हतं. प्लेलिस्टची चाचणी कुणी सोडवली नव्हती. तीसही पानं कोरी करकरीत, प्रेसमधून निघाली तशी. आणि पाचही प्रतींतून शेवटचं पान गायब. एकतीस गेलं की त्याच्या पाठीवरचं बत्तीसही जातं. म्हणजे माझी गिटारही गेली होती, पण गिटारची चौकशी कुणीच करत नव्हतं.

पाटील सरांनी पथकातल्या पोरांना बोलावलं होतं. सगळी माना खाली घालून उभी होती. एकटी सानिका सरळ बघत होती.

“पानं कुणी फाडली?” सरांनी दरडावून विचारलं.

“फाडली न्हाईत सर. ब्लेडनं कापली,” सानिका म्हणाली. “फाडली असती तर कडंच्या रांगंतल्यांची तोंडं गेली असती.”

“अरे, अंक वाचायला ठेवला होता!”

“वाचला की. येकतीस नंबरचं पान वाचलं. मॅडमनी रेहानचं नाव परशाच्या फोटूखाली टाकलंय आणि परशाचं रेहानच्या. रेहानच्या आज्जीनं घर डोक्यावर घेतलंय, म्हणत्यात आमच्या नातवाचा बाप बदलला.”

मी खाली बसले. तीस वर्षांत मी हजारो पानं केली. त्यांत चुका होत्याच, कारण चूक नसलेलं छापील पान मी अजून पाहिलेलं नाही. पण एकाही सभासदानं, एकाही संचालकानं कधी एक चूक काढली नव्हती. चूक काढायची तर आधी वाचावं लागतं. आणि ही नववीतली पोरगी मला चूक दाखवत होती. मला रडूच आलं. सरांना वाटलं, विटंबनेचं दुःख झालं.

“आता पानं कुठं आहेत?” मी विचारलं.

“घरातनं फिरायल्यात. पानं पाच आणि आमी चोवीस. येकेका घरात येकेक दिवस. मी वही केल्या, कुणाकडं कवा ते लिवून.” तिनं दप्तरातून वही काढली. तारीख, नाव, परत आल्याची सही. आमच्या प्रेसमध्ये अजून अशी वही नाही.

त्या दिवशी एक पान तिच्याच घरी होतं. मी बघायला गेले. पुढच्या खोलीत तिचे आईवडील पैंजणाच्या कड्या जोडत बसले होते. हुपरीत घराघरात हेच काम चालतं. कामाच्या चौरंगावर काच होती आणि काचेखाली पान. कोपऱ्याला हळदीचं बोट लागलेलं. आई म्हणाल्या, “पावणं येतंय ते आधी ह्येच बगतंय. आज ऱ्हाऊ दे म्हणलं, उद्या रेहानच्यात जायाचं हाय.” मी पाणी प्यायले आणि माझं डिझाइन बघत बसले. मोकळी जागा अजिबात नव्हती.

शाळेत परत आले तेव्हा पाटील सर प्रती चाळत होते.

“सर, अट काय होती?” मी भीत भीत विचारलं. “मुलांनी उचलावं. पाचही प्रती उचलल्या गेल्या, आणि कापून घरी नेल्या.”

सरांनी चष्मा काढला. “म्हणजे चेहरे पाहिजेत.”

“हो सर.”

“मी पहिल्यापासून हेच म्हणत होतो.”

वर्षाचं काम मिळालं. डमीतलं जवळजवळ सगळं मी केराच्या टोपलीत टाकलं, निळ्या केसांचा पोरगा सगळ्यात आधी. आता दर महिन्याला एकेका शाळेचं पथक, बँजो पार्टी नाहीतर भजनी मंडळ येतं, आणि लिहितात पोरंच. पहिल्या अंकात सानिकानं ‘हलगी शेकावी कशी’ हा लेख लिहिला. त्यात ‘वार्षिक अहवाल वापरू नयेत’ असं स्पष्ट लिहिलं आहे. मी ते वाक्य काढलं नाही. चेहऱ्यांचं पान सोडवून घेता येईल असं मधोमध घातलं, पिना उकलल्या की अलगद निघतं. रेहान आणि परशा आपापल्या नावावर परत आले. अध्यक्षांचा फोटोही आला, मुलांच्याच रांगेत, मुलांच्याच मापाचा. त्यांनी तरुणपणी झांजा वाजवल्या होत्या म्हणे.

धडा काय घ्यायचा तो हा, की वाचक मासिक उघडतो तो आधी स्वतःला शोधायला. बाकीचं नंतर, आणि उरलाच वेळ तर. हे शहाणपण मला आधीपासून होतं असं मी आता नव्या ऑपरेटर पोरींना सांगते.

‘ठेका’चा पहिला अंक मशीनवरून निघाला, तेव्हा इक्बालभाईंनी पहिली गरम प्रत माझ्या हातात दिली. मी हलगीचा लेख उघडला नाही, मुखपृष्ठाचा रंग तपासला नाही. सरळ दुसरं पान काढलं. तिथं खाली, सगळ्यात बारीक अक्षरात, ‘मांडणी आणि सजावट’च्या पुढं माझं नाव होतं. वडलांच्या नावासकट, पूर्ण. मी ते दोनदा वाचलं. मग भाईंना म्हणाले, “इथं शेजारी एक लहानसा फोटो बसला असता, नाही?”